कवेलू फेरणाऱ्या माणसांचा कार्बन

मी नेमकं काय काम करते हे आमच्या गावात अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही, आणि त्यात गावाचा काही दोष नाही. ‘कंपूटरवर घरं बांधते’ इथपर्यंत लोक येतात आणि थांबतात. एकदा अड्याळच्या बाजारात एका लांबच्या नातेवाइकानं मला भाजीच्या पालांमध्ये अडवून न्हाणीघराचा नकाशा काढून मागितला. मी म्हटलं, मी नकाशे काढत नाही. तर त्याचं तोंड असं झालं, की हिला येत काहीच नाही, उगाच शिकली.

काम असं आहे. कुठे एखादा मोठा दवाखाना किंवा कॉलेज बांधायचं ठरलं, की आधी ती इमारत पूर्णच्या पूर्ण संगणकात उभी करतात. नुसतं चित्र नव्हे. त्या मॉडेलमधल्या प्रत्येक भिंतीला आपण कशाच्या आहोत, किती जाड आहोत, आपल्यावर कशाचा भार आहे, हे सगळं ठाऊक असतं. मग त्यातून सिमेंट किती, लोखंड किती, काच किती हे काढायचं, आणि ते सगळं तयार करताना, वाहून आणताना, पुढे वर्षानुवर्षं दुरुस्त करताना आणि शेवटी पाडताना हवेत किती कार्बन जाईल याचा अंदाज द्यायचा. थोडक्यात, अजून न बांधलेल्या इमारतीचा धूर मी मोजते. हे मी एकदा आमच्या गल्लीत सांगून पाहिलं होतं. त्यावर एका काकीनं मला स्वतःच्या चुलीपाशी येऊन बसायचं आमंत्रण दिलं. धूरच मोजायचा तर लांब कशाला जायचं, असं तिचं म्हणणं.

ही काकी तरी बोलायची. बाकी माझा दिवस मुका होता. आई गेली त्या वर्षी मी पुण्याहून परत आले, कारण घरात बाबा एकटे राहिले होते. कंपनी म्हणाली, तिकडूनच काम कर. लग्न मी केलेलं नाही. का केलं नाही याची गावाकडे चार-पाच उत्तरं तयार आहेत, त्यातलं एकही माझं नाही, आणि माझं मी कोणाला सांगत नाही. मधल्या खोलीत खिडकीशी टेबल लावलं, वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला, आणि दिवसभर हेडफोन कानाला लावून बसायला लागले. पडद्यावर चौकोनात लोक असायचे, बहुतेकांचा कॅमेरा बंद, म्हणजे लोक तरी कसले, नुसती आद्याक्षरं. मीटिंग संपली की सगळे चौकोन एकदम जायचे आणि खोलीत बाबांचा आवाज उरायचा. म्हणजे त्यांचा बोलण्याचा नव्हे. पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत बसून ते अंबाडीची दोरी वळायचे, त्याची खसखस.

मला एकटं वाटायचं. हे मी आता सरळ लिहू शकते, तेव्हा स्वतःशीही म्हणत नव्हते. बाबांनाही वाटत असणार. एकाच छपराखाली दोन माणसं आपापल्या जागी एकटी असू शकतात, आणि ती जेवताना वरणात मीठ बरोबर आहे का एवढंच बोलू शकतात.

ते छप्पर कवेलूचं, म्हणजे कौलांचं होतं. मातीच्या जाड भिंती, वर सागाचं आढं, वासे, बांबूच्या कमच्या आणि त्यावर कवेलू. आता हे ऐकून शहरातल्या माझ्या ओळखीच्यांना भरून येतं. किती सुंदर, किती गार, असं म्हणतात. गार असतं, खरं आहे. पण कवेलूचं छप्पर एकदा घातलं की झालं, असं नसतं. ते दरसाल फेरावं लागतं. उन्हाळा संपत आला, की सगळे कवेलू उचलायचे, खालचा कचरा, पालापाचोळा, पाखरांची घरटी काढायची, कमच्या बदलायच्या, फुटके कवेलू वेगळे करायचे आणि धड असलेले पुन्हा ओळीनं बसवायचे. एक साल चुकवलं, की पावसाळाभर घरात भांडी मांडून बसा. त्यात आमच्याकडे माकडं. जंगल जवळ आहे, टोळीच्या टोळी येते, एका घरावरून दुसऱ्या घरावर उड्या मारत गल्ली पार करते, आणि जिथे उडी पडते तिथले कवेलू फुटतात. आमच्या कंपनीच्या यादीत जगभरच्या छपरांची आयुष्यं लिहून ठेवलेली आहेत. त्या यादीत माकड नाही.

फेरायचं काम एका घराच्या माणसांनी होत नाही. म्हणून आमच्या गल्लीत रीत होती, की ज्याचं घर फेरायचं त्याच्याकडे प्रत्येक घरून एक माणूस जायचा. मजुरी नाही. सकाळी पोहे-चहा, दुपारी भात, वरण आणि कैरीचा तक्कू. आज ते तुमच्याकडे आले, परवा तुमच्या घरून कोणी त्यांच्याकडे. वर पुरुष, खाली बाया. बाया ओळीनं उभ्या राहून कवेलू हातोहात शिडीपर्यंत पोचवायच्या आणि त्या दिवसात गल्लीतल्या सगळ्या भानगडी एकदा झाडून निघायच्या. बाबा नेहमी आढ्यावर असत. वर बसून ते सगळ्यांची टिंगल करत, आणि खालून त्यांना उत्तरं मिळत. घरात वरणाच्या मिठापलीकडे न बोलणारा हा माणूस छपरावर चढला की इतका कसा बोलतो, याचं मला लहानपणी नवल वाटे.

मी परत आले तेव्हा त्यांचा गुडघा गेलेला होता. ते शिडीच्या बुडाशी उभे राहून हातवारे करत सूचना देत आणि वरचे त्यांचं ऐकल्यासारखं करत. येणारेही कमी झाले होते. ज्यांच्याकडे स्लॅब पडला ते येईनासे झाले, यात राग धरण्यासारखं काही नाही. त्यांना आता कोणाला बोलवायचंच नव्हतं, मग त्यांनी कोणाकडे का जावं?

एका हिवाळ्यात जेवताना बाबा म्हणाले, की मिस्त्रीशी बोलणं झालं आहे, उन्हाळ्यात घर पाडायचं, कॉलम उभे करायचे आणि वर स्लॅब टाकायचा. मला विचारलेलं नव्हतं. मिस्त्री येऊन माप घेऊन गेला होता, आणि मी त्या वेळी मधल्या खोलीत कानाला लावून कोणत्या तरी थंड देशातल्या वाचनालयाच्या काचा मोजत होते. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, समोरच्यांनी टाकला म्हणून आपण टाकायचा का? ते ताटातला भात कालवत राहिले. त्यामुळे मला खात्रीच पटली, की हेच कारण आहे. समोरच्यांच्या स्लॅबला पुढून गुलाबी रंगाचे खांब होते आणि बाबा सपरीत बसले की ते खांब त्यांच्या नेमके डोळ्यांसमोर यायचे.

भांडून बाबांशी कोणी जिंकलेलं नाही. आईनं सबंध संसार करून पाहिला होता. म्हणून मी ठरवलं, की आपल्याला जे येतं ते करायचं. आपल्याच घराचं मॉडेल करायचं, जुन्याचं एक आणि स्लॅबच्या घराचं एक, आणि दोन्हींचा कार्बन शेजारी शेजारी मांडून त्यांच्यासमोर ठेवायचा. दुसऱ्यांच्या इमारतींसाठी रोज करते, ते घरासाठी का नको?

माप घ्यायला दुसऱ्या टोकाला टेप धरणारं कोणी लागतं. बाबांनी धरला. ते काही विचारत नव्हते आणि मी काही सांगत नव्हते, पण एका रविवारची दुपार आम्ही टेपच्या दोन टोकांना धरून सगळं घर फिरलो. भिंती कुठे हातभर जाड, कुठे जास्त. कोपरा एकही काटकोनात नाही. भिंतीतल्या देवळीच्या आत हात घालून खोली मोजताना आईच्या वेळची काडेपेटी निघाली. बाबांनी ती खिशात टाकली. मला वाटतं, आई गेल्यापासून आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम होतं. आणि ते आम्ही एकमेकांच्या विरुद्ध करत होतो.

मॉडेल करणं सोपं गेलं नाही. संगणकाला सरळ भिंत आवडते, आमच्या भिंतीला पोट होतं. मातीच्या भिंतीसाठी कंपनीच्या यादीत नोंदच नव्हती, मला ती नव्यानं करावी लागली. माती कुठून आणली? मागच्या बोडीतून, म्हणजे तळ्यातून. कशानं? बैलगाडीनं. बैलाचा कार्बन कसा धरायचा यावर मी बराच विचार केला आणि शेवटी बैलाला सोडून दिलं. कवेलूच्या बाबतीत यादीत होते ते कारखान्यात गॅसवर भाजलेले, चकचकीत. आमचे कुंभारानं धानाच्या कोंड्यावर आणि लाकडावर भाजलेले, तेही बाबांच्या लहानपणी, आणि मधले काही दुसऱ्यांच्या पाडलेल्या घरांवरून उतरवून आणलेले. उतरवून आणलेल्या वस्तूला आमच्या हिशेबात नवा कार्बन लागत नाही. मी आनंदानं शून्य भरलं.

मग देखभालीचा रकाना आला. इमारत उभी राहिल्यावर तिला टिकवायला काय काय लागेल, ते तिथे भरायचं असतं. हा रकाना महत्त्वाचा असतो, कारण घर किती वर्षं टिकणार यावर सगळी तुलना उभी असते. मी लिहिलं: छप्पर दरवर्षी फेरणे. साधन, हात. वाहतूक, पायी. उत्तर आलं शून्य. पुण्याच्या एखाद्या पोरीनं हे मॉडेल केलं असतं तर तिनं मजूर धरले असते, ते कुठून येतात हे विचारलं असतं, त्यांना आणणारी गाडी धरली असती. मी इथली. कवेलू फेरायला माणसं येतात, हे मला इतकं माहीत होतं की ती कुठून येतात हा प्रश्नच मला पडला नाही. ती गल्लीतून येतात. आणि तेवढ्या शून्याच्या जोरावर मी आमच्या घराला स्लॅबच्या घराइतकं लांब आयुष्य देऊन टाकलं.

दोन खांबांचा तक्ता तयार झाला. स्लॅबच्या घराचा खांब पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेला, आणि आमच्या घराचा इतका बुटका, की पडद्यावर डाग पडला आहे असं वाटून पुसायला जावं. मला फार बरं वाटलं. आपली बाजू बरोबर आहे हे चित्रात दिसलं की माणूस जरा माजतो.

सकाळी बाबांना मधल्या खोलीत बोलावलं. त्यांना खुर्चीवर बसवलं, मी उभी राहिले. आधी तक्ता दाखवला, सिमेंट भट्टीत कसं तयार होतं, त्यात किती जळतं, लोखंडाचं काय, ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग मी आमच्या घराचं मॉडेल उघडलं आणि गोल फिरवलं. भिंती, देवळी, सपरी, आढं, एकेक कवेलू. हे मात्र त्यांना आवडलं. चष्मा पुसून ते पुढे वाकले, म्हणाले, आपलंच घर आहे. मी छप्पर उचलून आतलं दाखवलं, परत ठेवलं. ते बराच वेळ त्या छपराकडे पाहत होते.

“याच्यात मानसं कुठी दिसत नाही,” ते म्हणाले.

मी म्हटलं, माणसं नसतात यात, इमारत असते फक्त.

“फेरनाऱ्याइचं म्हनून राहिलो. दरसाल फेरा लागते, हे लिवलं का तू?”

मी सांगितलं, लिहिलं आहे, त्याचा कार्बन शून्य येतो.

“कोन फेरन?”

मी मजुरीनं माणसं लावू म्हणाले. त्यांनी ते कानाआड केलं. खुर्ची वळवून ते माझ्याकडे तोंड करून बसले. असं ते कधी बसत नसत, कायम बाजूला पाहून बोलत.

“मी हाय तवरिक चार झन येतीन,” ते म्हणाले. “माया तोंडाकडे पाहून येतीन. मी गेल्यावर आपल्या घरून कोन जाईन दुसऱ्याच्या घरावर? आन् आपल्या घरून कोनी गेलं नाही, त तुया घरावर कोन चढन? तू पान्यात बकेटी मांडत बसशीन, येकटी. स्लॅबले कोनाले बलावा लागत नाही, पोरी. म्हनून पायजे मले स्लॅब.”

मग ते उठले आणि सपरीत गेले. थोड्या वेळानं दोरी वळण्याची खसखस ऐकू यायला लागली.

मी तिथेच उभी होते. गुलाबी खांब वगैरे सगळं मीच रचलं होतं. माझे वडील माझ्यासाठी अशा घराची सोय करून ठेवत होते, ज्याला माणसं लागणार नाहीत, कारण माझ्याकडे माणसं नसतील, हे ते धरूनच चालले होते. मला रडू आलं. रागही आला, कारण त्यांचा अंदाज माझ्या अंदाजापेक्षा बरोबर होता. त्यांनी माझ्याआधी त्या रकान्यातलं शून्य पाहिलं होतं.

त्यानंतर मी भांडले नाही. स्लॅबच्या घराचं मॉडेल मात्र मिस्त्रीच्या हाती न देता स्वतः केलं. खोल्या अरुंद ठेवल्या, म्हणजे स्लॅब पातळ चालतो आणि लोखंड कमी लागतं. विटा राखेच्या धरल्या, सिमेंट राख मिसळलेलं. जुन्या आढ्याच्या आणि वाशांच्या चौकटी करवल्या. मिस्त्रीनं नाक मुरडलं. मॅडम एवढ्या शिकल्या आणि घर कोंबड्यांच्या खुराड्याएवढं करून राहिल्या, असं तो शहापूरपर्यंत सांगून आला. बाबांनी सगळ्याला मान डोलावली. त्यांची अट एकच होती, वर एका कोपऱ्यातही कवेलू नको. उतरवलेले कवेलू फेकायचे नाहीत ही माझी अट. ते मागच्या वाडीत आंब्याखाली रचून ठेवले. तक्त्यातल्या खांबाची उंची मी बरीच खाली आणली. पडद्यावर तेवढंच समाधान.

स्लॅब पडला त्या दिवशी सकाळपासून मिक्सर मशीन गल्लीत घरघरत होतं. ठेकेदाराची माणसं बाहेरून आली होती, त्यांच्यातलं कोणी आमच्या ओळखीचं नव्हतं. त्यांची टिंगल करायची सोय नव्हती. मशीनच्या आवाजात कोणाला काही ऐकूच येत नव्हतं. बाबांनी नारळ फोडला आणि दिवसभर डोक्याला दुपट्टा बांधून रस्त्यावर उभे राहिले. संध्याकाळी माणसं जेवून ट्रॅक्टरमध्ये बसून निघून गेली, आणि गल्ली लगेच शांत झाली. पुढे रोज सकाळी बाबा पाइप घेऊन शिडीनं वर चढत आणि स्लॅबला पाणी मारत. गुडघ्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, आता एवढंच चढणं आहे.

दिवाळी त्यांनी नव्या घरात केली. थंडी संपायच्या आत ते गेले. झोपेत गेले, फार काही झालं नाही. तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, आणि तेरवीनंतर ती सगळी आपापल्या घरी गेली. ती जाणारच. मी चहाचे कप धुऊन पालथे घातले आणि परत मधल्या खोलीत जाऊन बसले. पुढे दोरी वळणारं कोणी नसल्यावर तिला मधली म्हणायलाही कारण नव्हतं.

घर गळलं नाही. पावसाळाभर एक थेंब आत आला नाही. बाबांनी केलेली सोय चोख होती. आधी पाऊस जोराचा लागला की कोणी ना कोणी दारातून हाक मारायचं, तुमच्याकडे गळते का, आमच्याकडे गळून राहिलं. त्यावर दहा मिनिटं बोलणं व्हायचं, कधी कोणी प्लास्टिकची फारी घेऊन वर चढायचं. आता मला कोणी विचारत नव्हतं, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. माकडंसुद्धा स्लॅबवरून सरळ पळत जातात, काही फुटत नाही. मी काम करायचे, जेवायचे, पुन्हा काम करायचे. अड्याळच्या बाजारात भाजीवालीशी भाव करताना माझाच आवाज मला घोगरा वाटला, तेव्हा लक्षात आलं की त्या दिवशी तो पहिल्यांदा वापरत होते.

एकदा कामाच्या निमित्तानं आमच्या दोन्ही घरांची मॉडेलं उघडली. नव्या घराच्या देखभालीचा रकानाही पुढची कितीतरी वर्षं रिकामा होता, शून्य. जुन्या घराचाही शून्य. आमच्या हिशेबात ही दोन शून्यं सारखीच. एका घरात कार्बन नव्हता कारण माणसं पायी येत होती, आणि दुसऱ्यात नव्हता कारण कोणी येतच नव्हतं. हे वेगळं दाखवायला आमच्याकडे रकाना नाही. मी फाइल बंद केली.

पुढचा उन्हाळा उतरणीला लागला होता. एका सकाळी मीटिंग चालू असताना कवेलूवर कवेलू ठेवल्याचा आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखेन, मातीचा, बोथट, एकामागून एक. मी कानातलं काढलं. गल्लीच्या टोकाला एकच कवेलूचं घर राहिलं होतं, मोठीमायचं. ती आमच्या नात्यातली नाही, पण गल्लीतले सगळे तिला मोठीमायच म्हणतात. विधवा बाई, मुलगा नाही. बाबा होते तोवर तिचं घर फेरायला ते सगळ्यांच्या आधी जायचे. मी मीटिंगमध्ये वीज गेली असं लिहिलं आणि निघाले. वीज गेली नव्हती.

छपरावर तिचा जावई आणि त्याच्या गावाहून त्यानं आणलेला एक माणूस होता. खाली मोठीमाय एकटीच होती. ढिगापाशी वाकायची, दोन कवेलू उचलायची, शिडीपर्यंत चालत जायची, वर द्यायची, परत यायची. फुटक्यांचा ढीग धड असलेल्यांपेक्षा मोठा झाला होता. मी जाऊन ढीग आणि शिडी यांच्या मधोमध उभी राहिले आणि हात पुढे केला. तिनं कवेलू दिले नाहीत. हातात धरून ती माझ्याकडे पाहत राहिली.

“तुया घरी त स्लॅब हाय,” ती म्हणाली. “तू काहून आली?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मी काम केलं तर ते ती कुठे फेडणार?

“आमच्या घरून कोनी यायले पायजे ना, मोठीमाय,” मी म्हटलं.

तिनं कवेलू माझ्या हातात दिले. मी वळून शिडीवर दिले. दुपारपर्यंत धड कवेलू संपले, आणि जावई वरून म्हणाला की अर्धी बाजू उघडी राहणार, आता कुंभारही करत नाही. मग मी त्याला आमच्या वाडीत घेऊन गेले. आंब्याखालचा ढीग आम्ही हातगाडीनं आणला आणि संध्याकाळ व्हायच्या आत आमच्या छपराचे कवेलू तिच्या छपरावर चढले. काही नीट बसत नव्हते, त्यांचा बाक वेगळा होता. जावयानं ते जुळवून जुळवून बसवले. जेवायला भात, वरण आणि तक्कू होता. मोठीमायनं गेल्या सालापासूनच्या गल्लीतल्या सगळ्या भानगडी सांगितल्या. मला त्यातली एकही माहीत नव्हती.

घरी आले तेव्हा अंग दुखत होतं आणि हात खरचटलेले होते. स्लॅब दिवसभर तापलेला, घरात भट्टी. मी दार उघडं ठेवून सपरीच्या जागी झालेल्या छोट्या व्हरांड्यात बसले. बाबांची आठवण येऊन मोठ्यानं रडले, तेरवीत रडले नव्हते इतकं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मोठीमाय दारात उभी. डोक्यावर पदर, हातात काही नाही. आत आली, सगळ्या खोल्यांतून फिरली, मागे वाडीत जाऊन आली, मान वर करून स्लॅबकडे पाहिलं. मी विचारलं, काय पाहिजे? ती म्हणाली, काही नाही, तू आमचं काम करून गेलीस, आता तुझं काही असेल तर करते. मी म्हटलं, काम तसं काहीच नाही.

“फेराचं काईच नाही?”

“नाही, मोठीमाय.”

 मोकळ्या हातानं परत जाणं तिला जमेना, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

“मंग बसतो घडीभर,” ती म्हणाली, आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसली. मी लॅपटॉप मिटवून तिच्या शेजारी बसले. दिवे लागायची वेळ झाली तरी ती बसलीच होती.